आराखड्याखाली सही कोणाची?

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की आपण लगेच सावध होतो. रेग्युलेटर बंद करतो, खिडक्या उघडतो आणि ‘दिव्याच्या बटणाला हात लावू नका’ असे घरातल्यांना बजावतो. हा वास मुळात गॅसचा नसतो. सिलिंडरमधला गॅस असो की पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू, त्यांना स्वतःचा असा ओळखू येण्याजोगा वास नसतो. गळती नाकाला चटकन कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन गटातले गंधकयुक्त रसायन अगदी थोड्या प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असते. गॅसमध्ये असा वास मिसळणे सक्तीचे होण्यामागे अमेरिकेतल्या एका शाळेत घडलेल्या भीषण दुर्घटनेचा मोठा वाटा आहे. त्याच दुर्घटनेतून आणखी एक कायदा झाला. त्याची माहिती मात्र फार थोड्यांना असते. तो कायदा अभियंत्यांच्या परवान्याचा होता.

डॉक्टरकडे जाताना आपण निदान पाटी तरी वाचतो. पदवी कोणती, नोंदणी आहे का, कोणाला गुण आला, हे विचारतो. पण ज्या लिफ्टमधून आपण रोज वर जातो, ज्या जिन्यावरून उतरतो, ज्या पाइपमधून घरात गॅस येतो आणि रुग्णालयातल्या खाटेपर्यंत जी प्राणवायूची नळी येते, त्या साऱ्यांचा आराखडा कोणी केला हे आपल्याला ठाऊक नसते. तो माणूस आपण निवडलेला नसतो, त्याची आपली भेटही होत नाही. तरीही आपला जीव त्याच्या गणितावर अवलंबून असतो. म्हणून अमेरिकेतल्या राज्यांनी गेल्या शतकात एक नियम टप्प्याटप्प्याने रुजवला: लोकांच्या आरोग्याशी आणि सुरक्षिततेशी संबंध येणाऱ्या यंत्रणेच्या आराखड्याखाली परवानाधारक अभियंत्याची सही आणि शिक्का हवा. या नियमाने काय साधले आणि तो कुठे अपुरा पडला, हे आपल्यालाही उपयोगी पडण्यासारखे आहे.

न्यू लंडनची शाळा

टेक्सास राज्याच्या पूर्व भागात न्यू लंडन नावाचे छोटे गाव आहे. १९३०च्या दशकात या भागात खनिज तेल सापडले आणि गाव श्रीमंत झाले. गावाने पोलादी सांगाड्याची मोठी शाळा बांधली. इमारत उताराच्या जागेवर असल्याने तिच्या जमिनीखाली मोठी पोकळी राहिली होती. थंडीत वर्ग उबदार ठेवण्यासाठी मूळ आराखड्यात बॉयलर आणि वाफेच्या नळ्या होत्या. शाळेच्या मंडळाने तो बेत बदलून त्याऐवजी गॅसवर चालणारे ७२ हीटर बसवले.

१९३७च्या सुरुवातीला खर्च वाचवण्यासाठी मंडळाने गॅस कंपनीशी असलेला करार संपवला. तेलविहिरींतून निघणारा आणि प्रक्रियेनंतर उरलेला गॅस त्या काळी जवळजवळ कचराच मानला जाई. तो वाहून नेणारी नळी शाळेजवळून जात होती. तिला जोड देऊन शाळेसाठी गॅस घेण्यात आला. आसपासची अनेक घरेही तेच करत होती. मात्र या गॅसला वास नव्हता. जोडातून गळती झाली आणि गॅस इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला. कोणाला काही कळले नाही.

१८ मार्च १९३७ रोजी दुपारी तीननंतर, शाळा सुटायला थोडाच वेळ असताना, कार्यशाळेतल्या एका शिक्षकाने लाकूड घासायचे विजेचे यंत्र सुरू केले. ठिणगी उडाली आणि अख्खी इमारत उचलली जाऊन कोसळली. सुमारे २९५ विद्यार्थी आणि शिक्षक मरण पावले. शाळेत घडलेली अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी दुर्घटना आहे.

टेक्सासच्या विधिमंडळाने अवघ्या काही आठवड्यांत गॅसमध्ये वास मिसळण्याची सक्ती केली. त्याच वर्षी अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदाही झाला. या दोन कायद्यांमागचा विचार वेगवेगळा आहे. वासाचा कायदा गळती झाल्यावर माणसाला सावध करतो. नोंदणीच्या कायद्याचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: जमिनीखाली गॅस साठू शकेल अशी इमारत, तिच्यातले हीटर आणि त्यांना गॅस पुरवणारी नळी या सगळ्याचा एकत्र विचार करण्याची जबाबदारी कोणाची होती? न्यू लंडनमध्ये या प्रश्नाला उत्तर नव्हते. इमारतीचा आराखडा एकाने केला, हीटरचा निर्णय मंडळाने घेतला आणि नळीचा जोड तिसऱ्याच कोणी दिला. चौकशीनंतर कोणाही एका व्यक्तीवर दोष ठेवता आला नाही.

सुरुवात पाटाच्या पाण्यापासून

टेक्सासने हा कायदा केला तेव्हा परवान्याची कल्पना नवी नव्हती. तीस वर्षांपूर्वी, १९०७ मध्ये, वायोमिंग या राज्याने अमेरिकेतला असा पहिला कायदा केला होता. त्यामागचे कारण मराठी शेतकऱ्याला लगेच पटेल. कारण होते पाण्याचे.

वायोमिंग हे कमी पावसाचे, विरळ वस्तीचे राज्य. तिथे नदीतून पाट काढून शेतीला पाणी घ्यायचे तर राज्याकडे अर्ज करावा लागे आणि सोबत नकाशा व आराखडा द्यावा लागे. क्लॅरेन्स जॉन्स्टन हे तेव्हा राज्याचे मुख्य अभियंता होते. त्यांच्या कार्यालयात येणाऱ्या कागदांकडे पाहून ते चकित झाले. वकील, नोटरी आणि या शास्त्राशी संबंध नसलेले इतर लोक स्वतःच नकाशे काढून अभियंता किंवा भूमापक म्हणून खाली सही ठोकत होते. पाटाचा उतार चुकला तर पाणी शेतापर्यंत पोहोचत नाही आणि हद्द चुकली तर शेजाऱ्याशी भांडण कायमचे. जॉन्स्टन यांनी कायद्याचा मसुदा तयार केला. त्यानुसार अभियंता म्हणून काम करायचे तर आधी पात्रता दाखवून राज्याकडे नोंदणी करणे आवश्यक झाले. चार्ल्स बेलामी नावाच्या ५२ वर्षांच्या खाण-भूमापकाला १९०७च्या ऑगस्टमध्ये देशातला पहिला परवाना मिळाला.

पुढे एकेक राज्य हाच मार्ग धरत गेले आणि १९५० पर्यंत सगळीकडे असे कायदे झाले. अमेरिकेत हा विषय केंद्र सरकारकडे नाही. डॉक्टर, वकील, परिचारिका यांच्याप्रमाणे अभियंत्यांचे नियमनही प्रत्येक राज्याचे मंडळ करते. त्यामुळे एका राज्यातला परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, तिथे वेगळा अर्ज करावा लागतो. मात्र कायद्यांचा हेतू बहुतेक ठिकाणी सारख्याच शब्दांत मांडलेला असतो: जनतेचे आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांचे रक्षण. या यादीत आरोग्याला पहिले स्थान आहे. शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, खेळती हवा, आगीपासून संरक्षण ही सगळी अभियंत्याचीच कामे आहेत आणि ती बिघडली की रुग्णालये भरतात.

पदवी पुरेशी नाही

आपल्याकडे अभियांत्रिकीची पदवी मिळाली की मुलगा किंवा मुलगी ‘इंजिनीअर’ झाली असे आपण म्हणतो. अमेरिकेत परवानाधारक अभियंता होण्यासाठी पदवी ही फक्त पहिली पायरी असते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची चार वर्षांची पदवी घेतल्यावर मूलभूत ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर साधारण चार वर्षे प्रत्यक्ष काम करायचे, तेही शक्यतो परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली. मग त्या त्या शाखेची व्यावसायिक परीक्षा येते. स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत, रसायन, आगीपासून संरक्षण अशा वेगवेगळ्या शाखांच्या वेगवेगळ्या परीक्षा आहेत. राज्यांच्या मंडळांची १९२० मध्ये स्थापन झालेली एक राष्ट्रीय परिषद त्या घेते. आपल्याकडे शिकून तिकडे गेलेल्या अनेक मराठी अभियंत्यांनाही या वाटेने जावे लागते. त्यांच्या पदवीचे आधी मूल्यमापन होते आणि कुठले विषय कमी पडतात ते पाहिले जाते.

परवाना मिळाला म्हणजे काम संपले असेही नाही. ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि बहुतेक राज्यांत त्यासाठी नव्या ज्ञानाचे काही तास पूर्ण केल्याचा पुरावा लागतो. आचारसंहिताही आहे. ज्या शाखेचे आपल्याला ज्ञान नाही त्या कामावर सही करायची नाही, हा तिच्यातला महत्त्वाचा नियम आहे. पुलांचा तज्ज्ञ असलेल्या अभियंत्याने रुग्णालयाच्या विद्युत यंत्रणेवर शिक्का मारणे गैरच ठरते, त्याचा परवाना कितीही जुना असला तरी.

दुसरा नियम प्रत्यक्ष देखरेखीचा. आराखडा स्वतः केलेला किंवा आपल्या थेट नियंत्रणाखाली झालेला असेल तरच शिक्का मारता येतो. दुसऱ्याने तयार केलेल्या कागदावर पैसे घेऊन सही करून देणे हा परवाना गमावण्याजोगा गुन्हा मानला जातो. या नियमाची खरी परीक्षा १९८१ मध्ये झाली.

दोन कुंड्या, एक दोरी

मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटी शहरात एक मोठे हॉटेल नुकतेच उघडले होते. त्याच्या प्रशस्त दालनात वेगवेगळ्या मजल्यांच्या उंचीवर छतापासून टांगलेले पादचारी पूल होते. दुसऱ्या मजल्याचा पूल चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली होता. १७ जुलै १९८१च्या संध्याकाळी दालनात नृत्याचा कार्यक्रम रंगला होता आणि पुलांवरही लोक उभे होते. अचानक वरचा पूल सुटला आणि खालच्या पुलासह गर्दीवर कोसळला. ११४ माणसे मरण पावली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

कारण समजायला सोपे आहे. गॅलरीत आपण एकाच लांब दोरीला वर-खाली दोन कुंड्या बांधल्या तर प्रत्येक गाठीवर तिच्या कुंडीचेच वजन येते. पण वरची कुंडी छताला टांगली आणि खालची कुंडी दुसऱ्या दोरीने वरच्या कुंडीच्या तळाला बांधली, तर वरच्या गाठीला दोन्ही कुंड्यांचे वजन पेलावे लागते. मूळ आराखड्यात छतापासून खालच्या पुलापर्यंत सलग पोलादी सळया होत्या. अशा लांब सळईवर वरच्या पुलाच्या जागेपर्यंत आटे पाडावे लागले असते आणि ते जिकिरीचे होते. म्हणून पोलादी काम करणाऱ्यांनी एका सळईच्या दोन सळया करण्याचा बदल सुचवला आणि तो तसाच प्रत्यक्षात आला. त्यामुळे वरच्या पुलाखालच्या नटवर दुप्पट भार आला. राष्ट्रीय मानक संस्थेने तपास केला तेव्हा कळले की मूळ आराखड्यातला जोडसुद्धा शहराच्या नियमांनी मागितलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होता आणि बदललेला जोड तर सुमारे ३० टक्के.

हा जोड किती भार पेलेल याचे गणित कोणीच केले नव्हते. अभियंत्यांच्या मते तपशील ठरवणे पोलादी काम करणाऱ्यांकडे होते आणि त्या लोकांच्या समजुतीनुसार ते काम अभियंत्यांचे होते. अशा वेळी एरवी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि प्रकरण थंड होते. इथे मात्र आराखड्यावर शिक्का होता. मिसुरीच्या मंडळाने जॅक गिलम आणि डॅनियल डंकन या दोन अभियंत्यांविरुद्ध कारवाई सुरू केली. १९८५ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी त्यांच्यावर गंभीर हलगर्जीचा ठपका ठेवला. त्यांचे परवाने आणि त्यांच्या कंपनीची मान्यता रद्द झाली. १९८८ मध्ये अपील न्यायालयानेही हा निर्णय कायम ठेवला. ज्याचा शिक्का, त्याची जबाबदारी. ती दुसऱ्यावर ढकलता येणार नाही, असा या निकालाचा अर्थ होता.

कोणावरही फौजदारी खटला चालला नाही, याची खंत अनेकांना वाटली. गिलम यांनी पुढे आपली जबाबदारी उघडपणे मान्य केली आणि अभियंत्यांच्या सभांमधून या चुकीबद्दल ते अनेक वर्षे बोलत राहिले. अमेरिकेतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे प्रकरण आजही शिकवले जाते.

सवलत आणि तिची किंमत

अमेरिकेतल्या सगळ्या अभियंत्यांकडे असा परवाना असतो, असे मात्र नाही. बहुसंख्यांकडे नसतो. कारण कायद्यांमध्ये सुरुवातीपासून एक मोठी सवलत आहे. कारखान्यात नोकरी करणारा आणि कंपनीच्या मालावर काम करणारा अभियंता बहुतेक राज्यांत परवान्यातून मुक्त असतो. मोटारी, विमाने, घरगुती उपकरणे यांचे आराखडे करणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही. त्यामागचे तर्कशास्त्र असे की पूल एकदाच बांधला जातो, त्याची आधी चाचणी घेता येत नाही, म्हणून माणसाची पात्रता पाहायची. मोटारीचे मात्र हजारो नग निघतात, तेव्हा त्या मालाची चाचणी घेता येते आणि कंपनीला जबाबदार धरता येते.

हे तर्कशास्त्र नेहमी पुरे पडत नाही. कर्करोगावरच्या किरणोपचारासाठी कॅनडात तयार झालेले थेरॅक-२५ हे यंत्र त्याचे उदाहरण आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात किमान सहा रुग्णांना या यंत्राने ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण दिले आणि त्यांतले काही रुग्ण दगावले. आधीच्या यंत्रांत चुकीची मात्रा अडवणारी यांत्रिक कुलपे होती. थेरॅक-२५ मध्ये हे काम संगणकाच्या आज्ञावलीवर सोपवले होते, आणि ती आज्ञावली एकाच माणसाने लिहिली होती. तिची पुरेशी स्वतंत्र तपासणी झाली नव्हती.

सवलतीचे दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. अनेक राज्यांत गॅस आणि वीज पुरवणाऱ्या कंपन्यांनाही परवान्याच्या अटीतून सूट होती. मॅसॅच्युसेट्स त्यांपैकीच एक. तिथल्या लॉरेन्स शहरात २०१८च्या सप्टेंबरमध्ये गॅस कंपनी जुनी बिडाची पाइपलाइन बंद करून प्लास्टिकची नवी लाइन जोडत होती. काय घडले हे समजायला आपल्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. जुनी टाकी काढून टाकली, नवी जोडली, पण पाणी किती भरले हे पंपाला सांगणारा फ्लोट जुन्याच टाकीत राहिला. जुनी टाकी रिकामी, म्हणून फ्लोट सांगत राहणार ‘पाणी नाही’ आणि पंप चालूच राहणार. लॉरेन्समध्ये गॅसचा दाब मोजणाऱ्या नळ्या बंद केलेल्या जुन्या लाइनवरच राहिल्या होत्या. तिथला दाब उतरत गेला तसे दाब नियंत्रित करणारे यंत्र अधिकाधिक उघडत गेले आणि घराघरांत नेहमीच्या कितीतरी पट दाबाने गॅस घुसला.

१३ सप्टेंबरच्या दुपारी लॉरेन्स आणि शेजारच्या अँडोव्हर व नॉर्थ अँडोव्हर या गावांत एकामागून एक स्फोट आणि आगी सुरू झाल्या. १३१ इमारतींचे नुकसान झाले, वीसहून अधिक माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि एका १८ वर्षांच्या तरुणाचा जीव गेला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. कामाचा आराखडा करताना दाब मोजणाऱ्या नळ्यांची नोंदच घेतली गेली नव्हती आणि परवानाधारक अभियंत्याने तो तपासलेला नव्हता. कायद्याने त्याची गरजच नव्हती. मंडळाने नोव्हेंबरमध्ये ही सूट काढण्याची तातडीची शिफारस केली आणि ३१ डिसेंबर २०१८ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांनी तशा कायद्यावर सही केली. अशीच सूट असलेल्या इतर राज्यांनाही मंडळाने ती काढायला सांगितले. कंपनीने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि तिला ५ कोटी ३० लाख डॉलरचा दंड झाला.

न्यू लंडन आणि लॉरेन्स यांच्यात ८१ वर्षांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी नियमातली फट लोकांना माहीत होती, पण ती बुजवण्यासाठी आधी कोणाचा तरी जीव जावा लागला.

परवान्याची दुसरी बाजू

परवान्याच्या नावाखाली अतिरेकही होतो. ऑरेगन राज्यात मॅट्स यार्लस्ट्रॉम नावाच्या गृहस्थांनी सिग्नलच्या पिवळ्या दिव्याची वेळ ठरवण्याच्या सूत्रात त्रुटी आहे, असे गणिताने दाखवून दिले. वळणाऱ्या गाडीला लागणारा जादा वेळ त्या सूत्रात धरलेला नव्हता. त्यांनी राज्याच्या मंडळाला पत्र लिहिताना स्वतःला अभियंता म्हटले. त्यांच्याकडे स्वीडनमधली विद्युत अभियांत्रिकीची पदवी होती, पण ऑरेगनचा परवाना नव्हता. मंडळाने त्यांनाच ५०० डॉलरचा दंड ठोठावला. ते न्यायालयात गेले आणि २०१८च्या अखेरीस निकाल त्यांच्या बाजूने लागला. सार्वजनिक प्रश्नावर मत मांडणे म्हणजे परवान्याशिवाय व्यवसाय करणे नव्हे, हा धडा मंडळाला मिळाला.

नव्या क्षेत्रांत परवाना रुजत नाही, हाही अनुभव आहे. टेक्सासने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीला परवान्याची शाखा म्हणून मान्यता दिली. पुढे देशपातळीवर त्याची परीक्षाही सुरू झाली. पण काही वर्षांत मिळून अवघे ८१ उमेदवार तिला बसले आणि २०१९ मध्ये ती बंद करावी लागली. आज रुग्णालयातली कित्येक यंत्रे, लिफ्ट आणि वीजपुरवठा आज्ञावलीवर चालतो. तिच्याखाली मात्र कोणा एकाचे नाव आणि शिक्का क्वचितच असतो.

आपल्याकडे काय?

भारतात डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल आणि वास्तुविशारद यांच्यासाठी केंद्रीय कायदे आहेत. वास्तुविशारदांचा कायदा १९७२चा आहे. सर्व अभियंत्यांना नोंदणी सक्तीची करणारा तसा केंद्रीय कायदा मात्र झालेला नाही, त्याची मागणी जुनी आहे. त्याऐवजी आपल्याकडे तुकड्यातुकड्याने परवाने आहेत. इमारतीच्या सांगाड्याचा आराखडा करणाऱ्या संरचना अभियंत्याची नोंदणी महापालिका किंवा स्थानिक प्राधिकरण करते. विजेचे काम करणारे ठेकेदार, पर्यवेक्षक आणि वायरमन यांना वेगळा परवाना लागतो. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आगीपासून संरक्षणाची यंत्रणा परवानाधारक संस्थेकडूनच बसवून घ्यावी लागते. ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र इमारतीच्या मालकाने किंवा रहिवाशांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे महापालिका क्षेत्रांत बंधनकारक आहे. सोसायटीच्या सभेत ज्यावरून वाद रंगतात ते ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हेच.

कायदे आहेत, पण अनेकदा त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी फाइल पूर्ण करण्यापुरती असते. ‘सही कुठून मिळेल?’ हा प्रश्न आधी विचारला जातो आणि ‘तपासणी कोण करेल?’ हा नंतर. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळांचा जीव गेला. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. रुग्णालयातली वायरिंग, वातानुकूलन, प्राणवायूची वाहिनी आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा हा उपचारांचाच भाग आहे, हे त्या पहाटेने सगळ्यांना दाखवून दिले.

आपण काय विचारावे?

सामान्य माणसाला आराखडा वाचता येत नाही, पण काही साधे प्रश्न विचारता येतात. सोसायटीत लिफ्ट, गॅस वाहिनी, पाण्याची टाकी किंवा आगीची यंत्रणा बसवायची असेल, जुन्या इमारतीची दुरुस्ती काढायची असेल, एखादी भिंत पाडायची असेल, तेव्हा पुढील गोष्टी लेखी मागाव्यात.

• आराखडा करणाऱ्या अभियंत्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक काय? नोंदणीची मुदत कधी संपते? ही माहिती महापालिकेकडून किंवा संबंधित कार्यालयाकडून पडताळून घ्यावी.

• त्याची नोंदणी याच प्रकारच्या कामासाठी आहे का? संरचना अभियंत्याचा विजेच्या कामावरचा अभिप्राय पुरेसा नसतो.

• त्याने जागेवर स्वतः येऊन पाहणी केली का? कोणत्या तारखेला, आणि सोबत कोण होते? अहवालावर तारीख आणि छायाचित्रे असावीत.

• काम चालू असताना बदल झाला तर तो कोण मंजूर करणार? कॅन्सस सिटीतला बदल छोटाच होता. ‘साहेब, थोडे इकडे सरकवू का?’ असे ठेकेदाराने विचारले की त्याचे उत्तर आपण देऊ नये, अभियंत्याने द्यावे, आणि तेही लिहून.

• जुनी यंत्रणा बंद करून नवी जोडताना जुन्यातले काय काय अजून चालू राहणार आहे? लॉरेन्समध्ये हाच प्रश्न राहून गेला होता.

या प्रश्नांमुळे काम दोन-चार दिवस लांबेल, कदाचित खर्चही थोडा वाढेल आणि सभेत कुरकुर होईल. चांगल्या अभियंत्याला मात्र त्यांचा राग येत नाही. आपल्या सहीखाली काय काय येते, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त चांगले ठाऊक असते. जो उत्तर द्यायला टाळाटाळ करतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याला काम देण्याआधी दोनदा विचार करावा.